पडद्यामागचा हिशेब

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी एएमएस ओसराम या युरोपियन कंपनीने एक छोटेसे निवेदन काढले. मायक्रो एलईडीचा आपला सर्वांत महत्त्वाचा प्रकल्प ग्राहकाने अचानक रद्द केला आहे, एवढाच त्याचा मथितार्थ. ग्राहकाचे नाव निवेदनात नव्हते, पण ते ॲपल आहे हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होते. कंपनीने या कामासाठी मलेशियात कुलीम येथे नवा कारखाना बांधून ठेवला होता. शेअर कोसळला आणि साठ ते नव्वद कोटी युरोंची मालमत्ता हिशेबातून उडवावी लागेल, असे जाहीर करण्याची वेळ आली. ॲपलने २०१४ मध्ये लक्सव्ह्यू ही मायक्रो एलईडीवर काम करणारी कंपनी विकत घेतली, तेव्हापासून ‘घड्याळात मायक्रो एलईडी येणार’ ही आवई अधूनमधून उठत असे. दहा वर्षे उठत राहिली आणि मग विरली.

टीव्ही, मॉनिटर, फोन यांच्या पडद्यांविषयी आपण ज्या बातम्या वाचतो, त्यांतल्या बहुतेक प्रयोगशाळेतून किंवा लास वेगासच्या जानेवारीतल्या प्रदर्शनातून आलेल्या असतात. तिथे एक नमुना लखलखत उभा असतो. तो बनवताना किती नमुने फेकून द्यावे लागले, हे तिथल्या फलकावर लिहीत नाहीत. पडद्यांच्या शर्यतीचा निकाल मात्र त्या फेकून दिलेल्या मालावरच लागतो. गेल्या वीस वर्षांचा आढावा घेतला तर चित्र कुणाचे सरस यावरून जिंकणारा ठरल्याचे फारसे दिसत नाही. मोठ्या काचेवर, कमी नासाडीत, स्वस्तात कुणाला छापता येते यावरून तो ठरला.

आधी खेळाडू कोण ते पाहू. एलसीडी सर्वांत जुना. आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांनी १९६८ मध्ये द्रवस्फटिकांचा पडदा जगाला दाखवला. यात प्रकाश मागच्या दिव्याचा असतो आणि पुढे कोट्यवधी बारीक झडपा तो अडवतात किंवा सोडतात. झडप कितीही मिटली तरी फटीतून उजेड झिरपतोच, म्हणून एलसीडीचा काळा रंग अंधाऱ्या खोलीत राखाडी दिसतो. ओएलईडीत मागे दिवाच नाही. सेंद्रिय रसायनाचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझला की खरोखर काळा होतो. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेतून याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कोडॅकने पुढे, २००९ मध्ये, हा सगळा धंदा एलजीला विकून टाकला. डिजिटल कॅमेराही याच कंपनीत जन्मला होता, हे आठवले की कोडॅकविषयी हळहळ वाटते. तिसरा मायक्रो एलईडी: ओएलईडीसारखाच स्वयंप्रकाशी, पण सेंद्रिय रसायनाऐवजी गॅलियम नायट्राइडसारख्या स्फटिकाचा, म्हणून न कोमेजणारा. कागदावर याच्याइतका निर्दोष पडदा दुसरा नाही.

कागदावरून कारखान्यात गेले की काय होते, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. फोरके पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे जवळजवळ ८३ लाख पिक्सेल. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे धरले तर साधारण अडीच कोटी. मायक्रो एलईडीत हे अडीच कोटी सुटे दिवे वेफरवर, म्हणजे पातळ चकत्यांवर, वाढवायचे, तिथून उचलायचे आणि पडद्याच्या पाटीवर अचूक जागी बसवायचे. एक एक उचलत बसलो तर जन्म जाईल, म्हणून हजारो एकदम उचलणारी यंत्रे आहेत. आता समजा दर दहा हजारांत एकच दिवा चुकला. कुठल्याही कारखान्यात ९९.९९ टक्के म्हणजे पेढे वाटावेत असा आकडा. पण अडीच कोटींत तेवढ्या चुकीने अडीच हजार ठिपके मेलेले निघतात. दहा लाखांत एक चुकला तरी पंचवीस उरतात आणि ते हुडकून दुरुस्त करावे लागतात. एलसीडीत हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे सगळे ट्रान्झिस्टर एका काचेवर फोटो छापावा तसे एकदम छापले जातात.

म्हणूनच सॅमसंगने २०१८ मध्ये १४६ इंची ‘द वॉल’ दाखवून सगळ्यांचे डोळे दिपवले खरे, पण २०२० च्या अखेरीस घरगुती म्हणून जाहीर केलेल्या ११० इंची मायक्रो एलईडी टीव्हीची किंमत दीड लाख डॉलरच्या घरात होती. त्या वेळच्या दराने कोटीहून जास्त रुपये. ठिपके लहान करत नेले की दुसरे विघ्न येते. एलईडीचा स्फटिक कापताना त्याच्या कडा दुखावतात आणि तिथे वीज प्रकाश न देताच वाया जाते. दिवा मोठा असेल तर कडेचे काही वाटत नाही. दिवा काही मायक्रॉनचा झाला की तो जवळजवळ सगळा कडाच असतो. लाल रंगाच्या दिव्यांना हा त्रास जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये गार्मिनने फेनिक्स ८ प्रो हे मायक्रो एलईडीचे घड्याळ खरोखर बाजारात आणले. चार लाखांहून अधिक दिवे, डोळे दिपवणारी चमक, किंमत दोन हजार डॉलर. बॅटरी मात्र दहा दिवस. त्याच घड्याळाच्या ओएलईडी आवृत्तीची सत्तावीस. ॲपलने हात का आखडता घेतला असेल, त्याचा अंदाज एवढ्यावरून बांधता येतो.

कागदावर सरस, पण बाजारात हरलेले असे अवतार याआधीही होऊन गेले. कॅनन आणि तोशिबा यांनी २००४ मध्ये एसईडी नावाच्या पडद्यासाठी एकत्र कंपनी काढली. जुन्या पिक्चर ट्यूबचे रंग आणि काळेपण, पण जाडी भिंतीवर टांगण्याजोगी. २००६ मध्ये ज्यांनी तो पाहिला ते त्याच्या प्रेमात पडले. पेटंटचा खटला आडवा आला, आणि तो निस्तरेपर्यंत एलसीडी इतका स्वस्त झाला की २०१० मध्ये कॅननने घरगुती एसईडी टीव्हीचा नाद सोडला. प्लाझ्माचे चित्रही त्या काळच्या एलसीडीहून उजवे होते, हे मी आजही भांडून सांगेन. तरी पॅनासोनिकने २०१३ मध्ये प्लाझ्मा पॅनल बंद करत असल्याचे जाहीर केले.

या प्रकरणात आपल्याकडचाही एक धडा आहे. औरंगाबादेत वाढलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. युरोपपासून मेक्सिको, चीनपर्यंतचे ट्यूबचे कारखाने एका मराठवाड्यातल्या कंपनीच्या ताब्यात आले, याचे तेव्हा केवढे कौतुक झाले होते! हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. भारतासारख्या देशांत ट्यूबचा टीव्ही अजून खूप वर्षे खपेल, असे मानणारे जगभर होते. पण एलसीडीच्या काचा दर दोन-तीन वर्षांनी मोठ्या होत गेल्या, किमती घसरल्या आणि २००८ च्या आसपास जगात एलसीडी टीव्ही ट्यूबवाल्या टीव्हीच्या पुढे गेले. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याला दूरसंचारापासून तेलापर्यंत इतर कारणे होतीच, पण विकणाऱ्याने ट्यूब का विकल्या असतील, हा प्रश्न २००५ मध्ये मोठ्याने विचारायला हवा होता.

काचा मोठ्या होत गेल्या म्हणजे काय? पडद्याचे कारखाने पिढ्यांनी ओळखले जातात. साडेदहाव्या पिढीची काच सुमारे २.९४ मीटर बाय ३.३७ मीटर असते. एका काचेतून ६५ इंचाचे आठ पॅनल निघतात. काच जितकी मोठी तितका एका पॅनलमागचा खर्च कमी. चीनच्या बीओईने हेफेई शहरात अशी पहिली लाइन सुरू केली आणि पाठोपाठ सीएसओटी वगैरे चिनी मंडळी आली. सरकारी पैसा मुबलक, तोटा सोसायची तयारी दांडगी. परिणाम असा की सॅमसंगने २०२२ मध्ये एलसीडी पॅनल बनवणे सोडले. शार्पचा साकाई इथला कारखाना २००९ मध्ये सुरू झाला तेव्हा जगातला सर्वांत प्रगत होता. २०२४ मध्ये तिथले टीव्ही पॅनलचे उत्पादन थांबले आणि आता त्या आवारात एआयसाठी डेटा सेंटरे येत आहेत. एलजीनेही ग्वांगझूमधला एलसीडीचा कारखाना सीएसओटीला विकला.

म्हणजे एलसीडी मेला का? उलट, तो दर वेळी नव्याची विद्या चोरून आणखी दहा वर्षे मागून घेतो. क्वांटम डॉट्सच्या शोधाबद्दल २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना मिळाले. काही नॅनोमीटरच्या या कणांचा रंग त्यांच्या आकारावर ठरतो. त्यांचा थर एलसीडीत घातला की रंग एकदम शुद्ध होतात. दुकानात ज्याला ‘क्यूएलईडी’ म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. मागच्या दिव्याचे शेकडो-हजारो तुकडे करून हवे तिथेच उजेड पाडला की तो ‘मिनी एलईडी’. पण दोन हजार तुकडे केले तरी एका तुकड्यामागे चार हजारांहून अधिक पिक्सेल येतात, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती धूसर प्रभावळ दिसायचीच. २०२५ मध्ये याच्या पुढची पायरी आली: मागचे दिवेच लाल, हिरवे, निळे. जानेवारीत हायसेन्सने ११६ इंची टीव्ही दाखवला, ऑगस्टमध्ये सॅमसंगने ११५ इंची ‘मायक्रो आरजीबी’ विकायला काढला. नावात मायक्रो असला तरी हा एलसीडीच आहे, मायक्रो एलईडी नव्हे. या धंद्यात नावे ठेवणाऱ्यांचा पगार इंजिनिअरांपेक्षा जास्त असावा. ‘एलईडी टीव्ही’ हे नाव तरी काय, मागचा दिवा एलईडीचा असलेल्या एलसीडीलाच चिकटलेले आहे.

ओएलईडीची अडचण निळ्या रंगात आहे. निळ्याचे या क्षेत्राशी जुने वैर. लाल आणि हिरवे एलईडी येऊन कितीतरी वर्षे झाली तरी उजळ निळा सापडत नव्हता. तो जपानात आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांनी मिळवला आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. ओएलईडीत तेच दुखणे वेगळ्या रूपात आहे. निळ्या प्रकाशाच्या कणाची ऊर्जा जास्त, त्यामुळे तो सोडणारा रेणू लवकर तुटतो. लाल आणि हिरव्यासाठी फॉस्फरसन्ट पदार्थ वापरता येतात; त्यांत मिळालेली जवळजवळ सगळी ऊर्जा प्रकाशात बदलते. निळा मात्र जुन्या फ्लुओरसन्ट पद्धतीचाच राहिला आहे, ज्यात पाऊण ऊर्जा प्रकाश न देता जाते. अमेरिकेची युनिव्हर्सल डिस्प्ले ही कंपनी २०२४ मध्ये फॉस्फरसन्ट निळा बाजारात येईल असे सांगत होती. ते साल हुकले. मे २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने प्रत्यक्ष उत्पादनाच्या पातळीवर त्याची कामगिरी तपासून पाहिल्याचे जाहीर केले, पण तेही अर्धे: दोन थरांपैकी एक फॉस्फरसन्ट, दुसरा जुनाच. माझ्या मते या क्षेत्रातली लक्ष ठेवण्याजोगी अफवा कोणती असेल तर ती हीच. घडीचा फोन किंवा काचेसारखा आरपार टीव्ही नव्हे, एका रेणूचे आयुष्य.

तोवर इंजिनिअरांनी काढलेली पळवाट म्हणजे टँडेम, अर्थात एकावर एक दोन थर. प्रत्येकावर भार निम्मा आला की आयुष्य दुपटीहून अधिक वाढते. मे २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये हे आले आणि टॅबलेटवरचा ओएलईडी पूर्ण पडद्यावर हजार निट्सच्या उजेडापर्यंत गेला. दुसरी अडचण मुखवट्याची. फोनच्या पडद्यावर लाल, हिरवे, निळे रसायन निर्वात कोठडीत वाफ करून, अतिशय पातळ धातूच्या जाळीतून, म्हणजेच मुखवट्यातून, काचेवर बसवतात. ही जाळी मोठी केली की स्वतःच्या वजनाने मध्ये झोळ पडतो आणि ठिपके जागा सोडतात. अशा वाफेच्या यंत्रांत जपानच्या निगाता प्रांतातली कॅनन टोक्की ही कंपनी वर्षानुवर्षे आघाडीवर आहे. सगळ्या जगाच्या महागड्या फोनचे पडदे एका आडबाजूच्या गावातल्या यंत्रावर अवलंबून होते म्हटले तरी चालेल. आता सॅमसंग आणि बीओई साडेआठव्या पिढीच्या वरच्या, म्हणजे २.२९ बाय २.६२ मीटरच्या, काचेवर लॅपटॉपसाठी ओएलईडी काढायला निघाल्या आहेत. व्हिजनॉक्स ही चिनी कंपनी जाळीशिवाय, चिपसारखी कोरून काढायची पद्धत वापरू पाहते आणि सीएसओटी शाईसारखे छापून. यांतले कोणते फळते, त्यावर मधल्या किमतीच्या लॅपटॉपला ओएलईडी मिळणार की नाही हे ठरेल.

संगणकाच्या मॉनिटरकडे आलो की भाषेचाही प्रश्न येतो, जो इंग्रजी परीक्षणांत कधी सापडत नाही. सॅमसंगच्या क्यूडी-ओएलईडी पॅनलमध्ये तीन रंग नेहमीसारखे उभ्या पट्ट्यांत नसून त्रिकोणात मांडलेले असतात: हिरवा वर, लाल-निळा खाली. त्यामुळे आडव्या रेषेच्या एका कडेला हिरवट आणि दुसऱ्या कडेला जांभळट छटा उमटते. रोमन लिपीत लांब आडव्या रेषा थोड्या. आपल्याकडे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषा. अशा मॉनिटरवर देवनागरी मजकुराचे पान उघडा आणि नाक लावून पाहा, अख्ख्या ओळीवर पोपटी किनार धावताना दिसते. खेळ खेळणाऱ्याला ती जाणवायची नाही. दिवसभर मराठी मजकूर तपासणाऱ्याला खुपेल. पॅनल दाट, म्हणजे २७ इंचात फोरके, असेल तर त्रास बराच कमी होतो. पट्टीसारखी मांडणी असलेले नवे ओएलईडी पॅनल एलजी आणि सॅमसंग दोघांनीही जाहीर केले आहेत, आणि मराठीत काम करणाऱ्याने थांबायचे असेल तर त्यांच्यासाठी थांबावे. ओएलईडीवर स्थिर चित्राच्या जळक्या खुणा राहण्याचे भय अजून खरे आहे. दिवसभर एकच टास्कबार, किंवा टीव्हीवर वृत्तवाहिनीची ती कायमची लाल ‘ब्रेकिंग’ पट्टी, हे ओएलईडीचे शत्रू. ज्या घरात बातम्या सकाळी सुरू होऊन रात्री बंद होतात, त्यांनी खुशाल एलसीडी घ्यावा.

वेगाच्या बाबतीत पडदा आता संगणकाच्या पुढे पळाला आहे. सेकंदाला ५०० वेळा चित्र बदलणारे ओएलईडी मॉनिटर २०२५ मध्ये विक्रीला आले. फोरके चित्र दहा बिट रंगात सेकंदाला २४० वेळा पाठवायचे तर साधारण ६० गिगाबिट लागतात, एचडीएमआय २.१ ची केबल ४८ वर थांबते, म्हणून मध्ये चित्र दाबून पाठवावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेला एचडीएमआय २.२ ही मर्यादा ९६ पर्यंत नेतो. पण एवढी चित्रे बनवायची कुणी? एनव्हिडियाच्या २०२५ मधल्या कार्डांत खऱ्या एका चित्रामागे तीनपर्यंत चित्रे एआय कल्पनेने भरू लागले. दिसायला गुळगुळीत, पण बटण दाबल्यावर प्रतिसाद मिळायचा तो खऱ्या चित्राच्याच वेगाने. त्यातच २०२५ च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमच्या किमती भडकल्या आणि डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रूशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा धंदा गुंडाळायचे ठरवले. नवा मॉनिटर परवडतो, त्याला साजेसा पीसी परवडत नाही, अशी विचित्र स्थिती आहे.

एटकेचा किस्सा थोडक्यात संपतो. ५५ इंची फोरके टीव्हीचा एक पिक्सेल साधारण एक तृतीयांश मिलिमीटरचा. नेत्रतज्ज्ञांच्या ढोबळ नियमाने तो सुटा दिसायला सुमारे एक मीटरवर बसावे लागते. आपल्या हॉलमध्ये सोफा आठ-दहा फुटांवर असतो. सोनीने एटके टीव्ही बंद केले, ते शहाणपणाचेच केले. सॅमसंगचे घडीचे फोन २०१९ पासून आहेत. सुरुवातीला परीक्षकांनी वरचे संरक्षक पटल फिल्म समजून सोलून काढले, आता हुआवे आणि सॅमसंग यांचे तीन भागांत घडी होणारेही झाले. चष्म्यातल्या पडद्यांचे मात्र खरे आकर्षण वाटते, कारण मायक्रो एलईडीची जागा तिथे असू शकते. पडदा नखाएवढा, त्यामुळे दिवे उचलून लावायची भानगडच नाही. एका वेफरवरच तो तयार होतो. मेटाने २०२४ मध्ये दाखवलेल्या ‘ओरायन’ चष्म्यात मायक्रो एलईडीच होते. पण २०२५ मध्ये प्रत्यक्ष विकायला आणलेल्या ७९९ डॉलरच्या चष्म्यात मेटाने काय वापरले? सिलिकॉनवरचे द्रवस्फटिक. पुन्हा तोच म्हातारा.

भारतात टीव्ही ‘बनतात’ त्याचा अर्थ बहुतांशी असा की ओपन सेल, म्हणजे मागचा दिवा न जोडलेले पॅनल, चीनहून येते आणि इथे जोडणी होते. टीव्हीच्या खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा त्या पॅनलचाच. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून महाराष्ट्रात मोठे राजकारण पेटले. सगळे चिपविषयी बोलत होते. त्या रकमेतले ९४,५०० कोटी डिस्प्लेच्या कारखान्यासाठी होते, हे फार थोड्यांनी वाचले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन चिपच्या भागीदारीतून बाहेर पडली, आणि डिस्प्लेचा तो कारखाना गुजरातमध्येही उभा राहिला नाही. केंद्राची २०२१ ची ७६,००० कोटींची योजना डिस्प्ले फॅबचा निम्मा खर्च उचलायला तयार होती. तरी ऑगस्ट २०२५ पर्यंत मंजूर झालेल्या दहा प्रकल्पांत डिस्प्लेचा एकही नव्हता. कारण उघड आहे: चीनने काच इतकी स्वस्त केली आहे की सॅमसंग आणि शार्पसारख्यांनी टीव्हीच्या एलसीडी पॅनलमधून पळ काढला. नव्याने उतरणाऱ्याने एलसीडी काढला तर तो पहिल्या दिवसापासून तोट्यात आणि ओएलईडीची विद्या कुणी विकत नाही. त्यातल्या त्यात जवळचा प्रकल्प म्हणजे उत्तर प्रदेशात जेवर इथे एचसीएल आणि फॉक्सकॉन यांनी आखलेला, मे २०२५ मध्ये मंजुरी मिळालेला. तिथे महिन्याला वीस हजार वेफर हाताळायचे आहेत, पडद्याला कोणता ठिपका कधी उजळायचा हे सांगणाऱ्या ड्रायव्हर चिपसाठी. या चिप ज्या काचेला जोडायच्या, ती काच तूर्त बहुतांशी हेफेई, शेन्झेन आणि ग्वांगझूसारख्या चिनी शहरांतच बनते.